मामांच्या मोबाइलनं वाचलेली आमची हळद

मागच्या दिवाळीला मामा घरी आले होते. एसटीत कंडक्टर होते ते, हिंगणघाट डेपोला. रिटायर झाल्यावर काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले. उजव्या डोळ्याला उजेड आहे की अंधार, एवढंच समजतं. मोबाइल मात्र सुटला नाही. नातीनं त्यात टॉकबॅक सुरू करून दिलं. आता पडद्यावर बोट फिरवलं की बोटाखाली जे असेल ते मोबाइल बोलतो आणि दोनदा टिचकी मारली की ते उघडतं. मामांनी आवाजाचा वेग एवढा वाढवून ठेवला आहे की आपल्याला ती नुसती कटकट वाटते, त्यांना शब्द न् शब्द कळतो.

फराळ झाला आणि मामा म्हणाले, "तुह्या मायच्या गटाची वेबसाइट काढली म्हणे तू. पाहू दे."

पाहू दे असंच म्हणतात ते.

ही वेबसाइट माझी. आमचं गाव समुद्रपूर तालुक्यात. स्टँडसमोर माझं ऑनलाइनचं दुकान आहे: सातबारा, पीक विमा, महाडीबीटी, परीक्षेचे फॉर्म, झेरॉक्स, लॅमिनेशन. माय ज्या बचत गटात आहे तो गट हळद विकतो. आमच्या भागातल्या वायगाव हळदीला जीआय (भौगोलिक) मानांकन आहे, हे तुम्हाला ठाऊक असेलच. २०२१ मध्ये दुकानात गिऱ्हाईक कमी आणि वेळ भरपूर होता, तेव्हा व्हिडिओ बघून बघून मी वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर गटाची साइट उभी केली. पाच पानं, अकरा फोटो, एक दरपत्रक. दिसायला झकास. निदान मला तरी.

मामांनी पहिल्या फोटोवर बोट ठेवलं. मोबाइल बोलला: "व्हॉट्सॲप इमेज, दोन हजार एकवीस, शून्य दोन, शून्य सहा, ॲट, अकरा, तेवीस, पंचेचाळीस. इमेज."

मामा थांबले. "काऊन रे, हळद विकून राह्यला का गाडीचा नंबर सांगून राह्यला?"

दुसऱ्या पानावरचे फोटो गूगलवर वर दिसावेत म्हणून मी नंतर कधीतरी 'एसईओ' करून ठेवले होते. तिथं मोबाइल बोलायला लागला: "वायगाव हळद, ओरिजिनल वायगाव हळद, शुद्ध हळद पावडर, बेस्ट हळद वर्धा, विदर्भ हळद ऑनलाइन, इमेज." पुढचा फोटो. तेच. त्याच्या पुढचा. तेच. चौथ्या फोटोला मामांनी बोट उचललं.

"हरिपाठ लावला का बे हा?"

माय आतून हसली. मला काही हसू आलं नाही, कारण तो हरिपाठ मी एक अख्खी रात्र जागून टाइप केला होता.

प्रकार असा. वेबसाइटवर फोटो टाकला की त्याच्या एचटीएमएलमध्ये, म्हणजे पान ज्या भाषेत लिहितात तीत, 'ऑल्ट' नावाचा एक रकाना असतो. ऑल्ट म्हणजे ऑल्टरनेटिव्ह, फोटोच्या ऐवजी असलेला मजकूर. हा प्रकार एचटीएमएलच्या अगदी सुरुवातीच्या काळातला. १९९५ च्या एचटीएमएल २.० मध्येही तो होता. तेव्हा नेट असं रांगायचं की पुष्कळ लोक फोटो बंद करूनच पानं बघत, आणि काहींच्या ब्राउझरला तर फोटो दाखवताच येत नसत. फोटोच्या जागी निदान चार शब्द दिसावेत, म्हणून ही सोय. आज हेच चार शब्द मामांसारख्यांचा मोबाइल वाचून दाखवतो. आणि फोटोत काय आहे हे समजून घ्यायला गूगलही फोटोकडे, भोवतालच्या मजकुराकडे आणि या रकान्याकडे बघतं. माझ्या पहिल्या पानावर फोटो चढवताना त्या रकान्यात फाइलचंच नाव जाऊन बसलं होतं. दुसऱ्या पानावर मी हरिपाठ बसवला होता. एकाच शब्दांचा असा मारा केला तर साइट स्पॅम समजली जाऊ शकते, असं गूगलनं आपल्या मार्गदर्शनात सरळ लिहून ठेवलं आहे. मी ते वाचलं नव्हतं. मी व्हिडिओ बघत होतो.

त्या काळात मी केलेल्या बाकीच्या चुकाही सांगूनच टाकतो, कारण माझ्या दुकानात अजूनही लोक तेच घेऊन येतात.

सगळ्यात मोठी अशी की साइट सुरू झाल्यावर पहिले चार महिने ती गूगलवर नव्हतीच. मी रोज 'वायगाव हळद' टाकून बघायचो, दहाव्या पानापर्यंत जायचो. काही नाही. वाटलं, स्पर्धा फार आहे. मग सर्च कन्सोलला साइट जोडली. आपलं पान गूगलच्या यादीत आहे की नाही हे सांगणारं ते साधन फुकट असतं, गूगलचंच आहे. त्यात घरच्या पानाचा पत्ता टाकल्यावर उत्तर आलं: 'नोइंडेक्स' टॅगमुळे हे पान वगळलं आहे. म्हणजे माझ्याच पानाच्या हेडमध्ये (पानावर न दिसणाऱ्या वरच्या भागात) एक मेटा टॅग उभा राहून गूगलला हात जोडून सांगत होता, की बापा, हे पान तुझ्या यादीत घेऊ नको. आला कुठून? साइट बनत असताना कोणाला अर्धवट दिसू नये म्हणून वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये रीडिंग या पानावर मी एक टिक केली होती, सर्च इंजिनांना परावृत्त करा अशा अर्थाची. उद्घाटनाचा नारळ फोडला, पेढे वाटले, टिक तशीच राहिली. दार बाहेरून लावून घेऊन मी आत गिऱ्हाइकाची वाट बघत होतो. टिक काढली, सर्च कन्सोलमधून पान पुन्हा तपासायची विनंती टाकली, आणि काही दिवसांत साइट यादीत आली.

दुसरी चूक 'मेटा कीवर्ड्स'. मेटा टॅग म्हणजे पानाच्या हेडमध्ये ठेवलेली, पानावर न दिसणारी माहिती. त्यात कीवर्ड्सचा एक टॅग असतो. मी त्यात सत्तर शब्द भरले होते. हळद, हळकुंड, हळदी, हल्दी, टर्मरिक, इतकंच काय लग्नाची हळदसुद्धा. नंतर वाचनात आलं, की वेब सर्चच्या क्रमवारीसाठी आपण तो टॅग वापरत नाही असं गूगलनं सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केलं आहे. २००९ मध्ये मी बारावीला होतो! बंद झालेल्या खिडकीसमोर मी बारा वर्षांनी जाऊन रांग लावली होती, आणि रांगेत एकटाच होतो. आजही तालुक्याला कोणी 'फुल एसईओ पॅकेज'मध्ये शंभर कीवर्ड्स टाकून देतो म्हणून पैसे मागत असेल, तर आधी त्याला एवढं विचारा, की कोणत्या टॅगमध्ये टाकणार.

तिसरी चूक टायटलची. टायटल हा खरं तर मेटा टॅग नाही, तो वेगळा, पण राहतो त्याच हेडमध्ये. ब्राउझरच्या टॅबवर आणि गूगलच्या यादीत निळ्या अक्षरांत दिसतं ते बहुतेक वेळा हेच. माझ्या पानाचं टायटल होतं 'होम'. दुसऱ्या पानाचं 'अबाउट'. तिसऱ्याचं 'प्रॉडक्ट'.

हे मी मामांना सांगितलं तेव्हा ते ताठ बसले. म्हणाले, "गाडीवर पाटीच नाही म्हन ना."

आणि मग त्यांनी अर्धा तास एसटीच्या पाटीवर व्याख्यान दिलं. पाटीवर आधी काय लिहायचं, तर गाडी कुठं जाते ते. मग मार्गे काय. हिंगणघाटहून गिरडला जाणारी गाडी जाममार्गे आहे की नाही, हे ज्याला जामला उतरायचं आहे त्याला कळलं पाहिजे. पाटीवर 'महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ' लिहीत नाहीत, ते गाडीच्या अंगावर असतंच. 'सुखकर प्रवास' तर नाहीच नाही. आणि स्टँडवर एखादी म्हातारी पाटीकडं नुसतं बघत उभी दिसली, तर कंडक्टरनं ओरडून सांगायचं: गिरड, गिरड, जाम, समुद्रपूर, गिरड. "तिले वाचता येत नाही हे तिले विचारत बसाचं नाही. बोर्डावर जे हाय ते बोलाचं. अन् जे बोर्डावर नाही ते आपल्या मनचं लावाचं नाही."

माझ्या माहितीत टायटल आणि ऑल्ट या दोन्हींचा इतका नेमका धडा कोणत्याही व्हिडिओत नाही.

पाटी नसल्यानं झालेलं नुकसानही मला त्याच वेळी आठवलं. वर्धा जिल्ह्यात वायगाव एकच नाही. एक वायगाव निपाणी, ते वर्ध्याजवळ. दुसरं आमच्या तालुक्यातलं वायगाव हळद्या. २०२२ च्या उन्हाळ्यात नागपूरचं एक कुटुंब हळद घ्यायला म्हणून निघालं आणि निपाणीला पोचलं. तिथून फोन आला, "अहो, इथं कोणालाच तुमचा गट माहीत नाही." कसा माहीत असेल? माझ्या साइटवर पत्ता होता, पण फोटोत. व्हिजिटिंग कार्डाचा फोटो काढून तोच 'संपर्क' पानावर डकवला होता. गूगलच्या यादीत पानाखाली दिसणाऱ्या दोन ओळींत तालुक्याचा पत्ता नाही, टायटलमध्ये नाही, कुठंच नाही. ते लोक भले, वाकडी वाट करून आले, दहा किलो घेऊन गेले. माय त्यांना दोनदा चहा पाजूनही ओशाळलेलीच होती.

आता घरच्या पानाचं टायटल असं आहे: 'वायगाव हळद थेट बचत गटाकडून – समुद्रपूर, जि. वर्धा'. टायटल किती अक्षरांचं असावं याची मर्यादा गूगलनं घातलेली नाही, पण मोबाइलच्या पडद्यावर जागा संपली की ते तोडलं जातं. म्हणून हळद आधी, गटाचं नाव आणि बाकी पुढं. प्रत्येक पानाचं टायटल वेगळं केलं. एवढं करूनही गूगलला वाटलं तर ते टायटल बदलून पानावरचं मोठं शीर्षक घेऊन दाखवतं. त्याला इलाज नाही. दोन्हींत फार अंतर ठेवू नये, इतकंच आपल्या हातात.

गूगलच्या यादीत टायटलखाली दिसणाऱ्या त्या दोन ओळी म्हणजे मेटा डिस्क्रिप्शन. तिच्यामुळं साइट वर चढत नाही, हे आधी समजून घ्या. मी ते न समजता तिच्यातही शब्द कोंबले होते. तिचं काम एवढंच, की यादीत आपलं नाव आलंच तर ते दाबावं की नाही हे माणसानं ठरवावं. आणि तीसुद्धा गूगल दाखवेलच असं नाही. शोधणाऱ्याच्या शब्दांना पानातलं दुसरं वाक्य जास्त जुळलं तर ते उचलतं. म्हणून मी तिथं आता शोभेचं काही लिहीत नाही. हळकुंड आणि पावडर, दोन्ही मिळतं, किती किलोपासून, पार्सल जातं की नाही, गाव कोणत्या तालुक्यात. माणूस फोनवर पहिल्या मिनिटात जे विचारतो तेच.

दरपत्रकाची गंमत वेगळीच. ते मी तालुक्याच्या एका प्रेसमधून छापून घेतलं होतं आणि त्याचीच पीडीएफ साइटवर टाकली होती. डोळ्यांना स्वच्छ मराठी. मामांनी ती उघडली तर मोबाइल इंग्रजीत बरळायला लागला. "ओके, सेमीकोलन, एक्स, के, ओ..." मामांना वाटलं मोबाइल बिघडला. मला एका क्षणात उलगडा झाला, कारण टायपिंगच्या परीक्षेसाठी मी कृतिदेव हा जुना मराठी फॉन्ट घोटलेला आहे. कृतिदेवमध्ये 'ओ'चं बटण दाबलं की 'व' उमटतो, 'के' दाबलं की काना, अर्धविराम दाबला की 'य'. म्हणजे आपल्याला जे 'वायगाव' दिसतं ते कॉम्प्युटरच्या पोटात 'ओके अर्धविराम एक्स के ओ' असतं. फॉन्टनं त्या इंग्रजी अक्षरांना मराठी कपडे घातलेले असतात. माणूस कपडे बघतो, गूगल आणि टॉकबॅक आतला माणूस बघतात. युनिकोडमध्ये तसं नसतं, तिथं 'व' हा 'व'च असतो, फॉन्ट कोणताही लावा. आपल्याकडच्या कितीतरी ग्रामपंचायतींच्या सूचना, लग्नपत्रिका, कृषी मेळाव्यांची पत्रकं अशी ओके-अर्धविराम होऊन नेटवर पडलेली आहेत. कोणी शोधली तरी सापडत नाहीत, आणि आपण म्हणतो नेटवर मराठीत काही नाही.

दरपत्रक मी त्याच रात्री पुन्हा युनिकोडमध्ये टाइप केलं, पीडीएफ काढून टाकली आणि साध्या तक्त्यात पानावर ठेवलं. पानाची भाषा इंग्रजी म्हणून नोंदलेली होती, ती मराठी केली. ही नोंद गूगल विचारात घेत नाही, ते पानावरचा मजकूर बघून भाषा ठरवतं. पण वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला त्यावरून मराठी आवाज निवडता येतो. नाहीतर आपली हळद एखाद्या साहेबाच्या तोंडून ऐकावी लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं ऑल्ट लिहायला बसलो. पद्धत अशी ठरली, की मी फोटो बघायचा आणि शेजारी बसून कोणाला सांगावं तसा मामांना सांगायचा. मामांना ज्यावर प्रश्न पडला नाही, ते वाक्य टाइप करायचं.

पहिला फोटो. मी म्हणालो, "पिवळीधमक हळद."

"हळद पिवळीच असते. नवीन काय सांगितलं?"

मी परत बघितलं. फोटो मी मुद्दाम जवळून काढला होता, हळकुंड मधोमध तोडून. "मधोमध तोडलेलं वाळलं हळकुंड, आतला रंग गडद केशरी."

"हां. हे लिव."

दुसरा फोटो कढईचा. 'हळद प्रक्रिया' असं माझ्या डोक्यात आलं होतं, पण बोललो नाही. "शेतात चुलीवर मोठी कढई, तीत हळद शिजते आहे, वाफ निघते आहे." मंजूर. तिसरा पॉलिशच्या ड्रमचा. मामांनी विचारलं, हातानं फिरवायचा की मोटरवरचा? फोटोत दांडा धरलेला हात दिसत होता. "हातानं फिरवायच्या लोखंडी ड्रममध्ये हळकुंडांना पॉलिश." गिऱ्हाइकालाही हेच विचारायचं असतं, हे मला तेव्हा सुचलं. सर्च कन्सोलमध्ये आता कधीमधी 'हळद पॉलिश ड्रम' असं शोधून आलेला माणूस दिसतो. तो हळद घ्यायला आलेला नसतो, पण येतो.

दोन फोटो नुसते नक्षीचे होते, आंब्याच्या पानांच्या तोरणाची पट्टी. त्यांचा ऑल्ट मुद्दाम रिकामा ठेवला. रकानाच नसणं आणि रकाना असून रिकामा असणं यात फरक आहे. रिकामा दिसला की वाचणारं सॉफ्टवेअर तो फोटो गुपचूप ओलांडून पुढं जातं. रकानाच नसला तर ते बिचारं काहीतरी सापडेल ते वाचत बसतं. आणि व्हॉट्सॲपचं ते हिरवं चिन्ह, ज्यावर दाबलं की ऑर्डरची चॅट उघडते, त्याला मी 'हिरवा गोल लोगो' लिहिणार होतो. मामा म्हणाले, "मले गोल घ्याचा नाही, हळद घ्याची हाय." तिथं आता 'व्हॉट्सॲपवर ऑर्डर द्या' आहे. फोटोच लिंक असेल तर त्याचा ऑल्ट हीच त्या लिंकची अक्षरं ठरतात, माणसासाठीही आणि गूगलसाठीही.

लोक इंग्रजी अक्षरांतही शोधतात, आणि वायगावचं इंग्रजी स्पेलिंग प्रत्येकाचं वेगळं. त्यासाठी आमच्याविषयीच्या पानावर एका साध्या वाक्यात दोन्ही स्पेलिंगं येऊ दिली, दिसतील अशी. लपवून काही नाही. व्हॉट्सॲपवर लिंक पाठवली की सोबत जे चित्र येतं त्याचा मेटा टॅगही वेगळा असतो. आमच्या लिंकसोबत बरेच दिवस थीममधला (साइटच्या तयार साच्यातला) लॅपटॉप आणि कॉफीचा कप यायचा. गटातल्या बायका विचारायच्या, हा कप कोणाचा? तो बदलून हळकुंडाचा फोटो लावला.

साइट आता पहिल्या क्रमांकावर वगैरे नाही. मोठ्या विक्रेत्यांच्या साइट वर असतात, त्या तशाच राहतील. पण 'समुद्रपूर हळद बचत गट' असं काही शोधणाऱ्याला आम्ही सापडतो, आणि निपाणीला त्यानंतर कोणी गेलेलं नाही.

शेवटचा फोटो राहिला होता, तो आम्ही दुपारच्या चहाला घेतला. मी वाचलं, आधीच लिहून ठेवलेलं होतं आणि मला त्याचा जरा अभिमानच होता: "बचत गटाच्या महिला सुपात हळकुंडं निवडताना."

मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्यात बाई हाय का?"

बाई म्हणजे माझी माय. त्यांची मोठी बहीण.

"आहे ना. डावीकडून दुसरी."

"मंग मले कसं समजाव? कशी बसली हाय ते? काय करून राह्यली?"

मी फोटो मोठा केला. दोन वर्षांत तो मी शंभरदा बघितला असेल. मायनं सूप मांडीवर घेतलेलं आहे, बाकीच्यांनी जमिनीवर. एक हळकुंड उजेडात धरून ती त्याच्याकडे बारीक डोळे करून बघते आहे. निळं लुगडं, पदर कमरेला खोचलेला. मी हे सगळं मामांना सांगत गेलो आणि एका हातानं टाइप करत गेलो. चष्मा नाकावर घसरलेला, एवढं म्हटलं तोच स्वयंपाकघरातून आवाज आला.

"चष्मा नोको लिहू रे त्यात."

चष्मा खोडला. बाकी तसंच आहे.